पासंग कसा काढायचा: निर्णयातला कल मोजण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नागरी सहकारी बँकेच्या प्रशिक्षण विभागातल्या ताईंकडे चाळीस कर्ज अधिकारी आहेत. निर्णय घेताना या मंडळींचा विचार कुठे घसरतो ते मोजायचं आणि मग प्रशिक्षण आखायचं, असं त्यांच्या मनात आहे. एका कंपनीने त्यांना वीस प्रश्नांची ऑनलाइन चाचणी देऊ केली आहे. ती सोडवली की प्रत्येकाला शंभरपैकी गुण मिळतात आणि सोबत ‘तुमच्यात अतिआत्मविश्वास जास्त’, ‘तुम्ही पहिल्या आकड्याला चिकटता’ असे शेरे. ही चाचणी भरवशाची आहे का, आणि तिचे गुण वार्षिक गोपनीय अहवालात धरावेत का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: धरू नका. अशा गुणांवर कुणाची बढती अडली तर तो अन्याय होईल. का, ते पुढे सांगते. हे काम मी वीस-बावीस वर्षं करते आहे. आधी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत, नंतर कर्ज आणि विमा देणाऱ्या संस्थांबरोबर.

‘पूर्वग्रह’ हा शब्द मी प्रशिक्षणात वापरत नाही. तो ऐकला की माणसाला आपल्यावर आरोप झाल्यासारखं वाटतं आणि तो आखडतो. मी पासंग म्हणते. जुन्या तराजूला पासंग असायचा, एक पारडं दुसऱ्यापेक्षा किंचित जड. त्यासाठी दुकानदार लबाड असावा लागत नाही, तराजू वापरून वापरूनही तसा होतो. पण माल एकदा तोलून पासंग कळत नाही. तराजूची पारडी निदान रिकामी करून बघता येतात. मन रिकामं करून बघता येत नाही. तिथे एकच उपाय उरतो. माल आणि मापं यांची पारडी बदलायची, तोच माल पुन्हा तोलायचा आणि दोन वजनांतला फरक बघायचा. विचारातला कल हा असा फरक असतो. एका उत्तरात तो सापडत नाही, दोन उत्तरांच्या मधे सापडतो. तुमच्या वीस प्रश्नांच्या चाचणीची अडचण इथेच सुरू होते.

या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला प्रयोग बघा. अमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली ‘सायन्स’मध्ये तो मांडला. जत्रेत असतं तसं आकड्यांचं चक्र फिरवायचं. ते असं बेतलेलं की काहींसमोर १० वर थांबेल आणि काहींसमोर ६५ वर. मग विचारायचं: संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचं प्रमाण या आकड्याहून जास्त की कमी? आणि नेमकं किती टक्के? दहा पाहिलेल्यांचं मध्यक उत्तर (सगळी उत्तरं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) २५ आलं, पासष्ट पाहिलेल्यांचं ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. आता ४५ म्हणणारा एक माणूस उचलून मला विचारा, हा चक्राला भुलला का? मला सांगता येणार नाही. कदाचित चक्र नसतं तरी तो ४५च म्हणाला असता. कल आहे तो दोन गटांच्या मधल्या वीस टक्क्यांच्या अंतरात. त्यातला किती वाटा कुणाचा, हे या प्रयोगाला ठाऊकच नाही.

हे अंतर आकड्यात बसवायची रीत कॅरन जॅकोविट्झ आणि कानेमन यांनी १९९५ मध्ये दिली आणि ती इतकी सोपी आहे की तुम्ही उद्या एक्सेलमध्ये करू शकाल. मोठा आकडा दाखवलेल्यांचं उत्तर वजा लहान आकडा दाखवलेल्यांचं उत्तर, भागिले त्या दोन दाखवलेल्या आकड्यांतलं अंतर. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात येणाऱ्यांना रेडवूडच्या सर्वांत उंच झाडाविषयी असंच विचारलं होतं. काहींना ‘१,२०० फुटांहून जास्त की कमी?’, काहींना ‘१८० फुटांहून?’ उत्तरांची सरासरी आली ८४४ आणि २८२. फरक ५६२, भागिले १,०२०, म्हणजे ५५ टक्के. लोक दाखवलेल्या आकड्याच्या मागे अगदी शंभर टक्के गेले असते तर उत्तर १०० आलं असतं, मुळीच गेले नसते तर शून्य. मोजमाप म्हणून मला हे आवडतं, कारण त्याला अर्थ असलेलं शून्य आहे. ‘अतिआत्मविश्वास: शंभरपैकी ६८’ या गुणाला असं शून्य कुठे आहे, हे कंपनीला विचारून बघा.

‘हे सगळं अनोळखी झाडांबद्दल ठीक, आमची माणसं मुरलेली आहेत,’ असं तुमचे शाखाधिकारी म्हणतील. म्हणून १९८७ चा टक्सनमधला प्रयोग त्यांना सांगा. नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी घरांच्या दलालांना खरोखर विक्रीला असलेलं घर प्रत्यक्ष दाखवलं आणि माहितीचा जाडजूड संच दिला. संच सगळ्यांना सारखाच, फक्त मालकाने सांगितलेली किंमत वेगवेगळी. दलालांचे अंदाज त्या किमतीमागे सरकले. वर दिलेल्या रीतीने मोजलं तर दलाल सुमारे ४१ टक्के, आणि या धंद्यातलं काहीच न कळणारे व्यवस्थापनाचे विद्यार्थी ४८ टक्के. मोठा फरक दुसरीकडे होता. विद्यार्थ्यांनी मान्य केलं की किमतीचा परिणाम झाला असेल. दलालांनी ठामपणे नाकारलं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गृहकर्ज देणाऱ्या एका संस्थेत फाइलच्या पहिल्याच पानावर ‘मागितलेली रक्कम’ ठळक अक्षरात असे. व्हॅल्युअर फाइल उघडणार, तो आकडा वाचणार आणि मग फ्लॅट बघायला जाणार. आम्ही एकाच फ्लॅटची फाइल दोन प्रकारे तयार केली. सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा, आजूबाजूचे व्यवहार, रेडी रेकनरचा दर, सगळं तेच. पहिल्या पानावरचा आकडा तेवढा एकीत लहान, दुसरीत मोठा. व्हॅल्युअर चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. संध्याकाळी त्यांचे अहवाल टेबलावर दोन गठ्ठ्यांत मांडले तेव्हा कुठला गठ्ठा कुठल्या फाइलचा, हे शीर्षक न वाचता सांगता येत होतं. तीस वर्षं हे काम केलेले एक काका तिथे होते. ते म्हणाले, “मॅडम, तो आकडा मी बघतसुद्धा नाही.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दृष्टीने त्यांनी तो बघितलाच नव्हता, आणि म्हणूनच ‘तुमच्यावर परिणाम झाला का?’ असं विचारून कल कधी मोजता येत नाही. संस्थेने पुढे ती रक्कम शेवटच्या पानावर नेली. कुणाचा गुण काढावा लागला नाही, कुणाला बोल लागला नाही.

आपल्याकडे ही रीत उत्तरपत्रिकांवरही वापरून झाली आहे. रेमा हन्ना आणि ली लिंडेन यांनी भारतातल्या एका शहरात मुलांची परीक्षा घेतली, आणि तपासायला देताना पत्रिकेच्या मुखपृष्ठावर मुलाचं वय, लिंग आणि जात चिठ्ठी टाकल्यासारखी लावली. आत लिहिलेल्याशी त्या जातीचा संबंध नव्हता. २०१२ साली छापलेल्या या अभ्यासात ‘खालच्या’ जातीचं मुखपृष्ठ लागलेल्या पत्रिकांना ०.०३ ते ०.०८ प्रमाण विचलन (गुण किती पसरलेले आहेत याचं माप) इतके कमी गुण पडलेले दिसले. हा सामाजिक भेदभाव आहे, अँकरिंगपेक्षा, म्हणजे दाखवलेल्या आकड्याला चिकटण्यापेक्षा, वेगळी आणि जास्त जिव्हारी लागणारी गोष्ट. पण मोजायची रीत तीच: माल तोच, पारडं बदललेलं.

आता प्रत्येक माणसाला गुण का देता येत नाहीत, ते सांगते. तुमच्या मूळ प्रश्नाचा गाभा हाच आहे.

गटात ठसठशीत दिसणारा परिणाम माणसामाणसांतला फरक दाखवायला बरेचदा निरुपयोगी असतो. ऐकायला उलटं वाटतं, पण विचार करा. एखाद्या युक्तीला जवळजवळ सगळेच सारखे फसत असतील तर गटाचा परिणाम पक्का येईल, मात्र कोण जास्त फसतं नि कोण कमी, हे सांगायला फरकच उरणार नाही. क्रेग हेज आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लक्ष एकाग्र ठेवण्याच्या प्रसिद्ध चाचण्यांबाबत हेच दाखवलं. त्याच माणसांची काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली तर कितीतरी मापांचे वैयक्तिक गुण जागेवर राहत नव्हते. वीस प्रश्नांत आठ-दहा दोष मोजायचे म्हणजे एका दोषाला दोन प्रश्न. दहावीच्या गणिताची परीक्षा दोन प्रश्नांची घेऊन कुणी निकाल लावत नाही. म्हणून कंपनीला एकच विचारा: तीच माणसं महिन्याभराने पुन्हा बसवली तर गुण किती जुळतात? आकडा देता आला नाही तर चाचणी परत करा.

शिवाय प्रश्न फुटलेले असतात. बॅट आणि चेंडू मिळून १.१० डॉलर, बॅट चेंडूपेक्षा एक डॉलरने महाग, तर चेंडू केवढ्याला? शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये दिलेल्या तीन प्रश्नांपैकी हा एक. चटकन तोंडावर येतं दहा सेंट, बरोबर उत्तर पाच. मूळ चाचणी सुरेख होती. पण आज हा प्रश्न व्हॉट्सअॅपवर कोडं म्हणून फिरतो. ज्याने तो आधी पाहिला तो ‘विचारी’ ठरतो, ज्याने नाही तो ‘उतावळा’.

दुसरा पेच: एकाच माणसाला दोन्ही पारडी दाखवली तर तो सावध होतो. १९८१ चा साथीच्या रोगाचा प्रश्न घ्या. ६०० माणसं धोक्यात आहेत. एका गटाला पर्याय असे दिले: नक्की २०० वाचतील, किंवा एकतृतीयांश शक्यता की सगळे वाचतील. ७२ टक्क्यांनी नक्कीचा पर्याय घेतला. दुसऱ्या गटाला तेच आकडे मरणाच्या भाषेत दिले: नक्की ४०० मरतील, किंवा एकतृतीयांश शक्यता की कुणीच मरणार नाही. तिथे ७८ टक्क्यांनी जुगार पत्करला. हे दोन प्रश्न एकाखाली एक छापले तर बहुतेकांना खोच लगेच दिसते. मग त्यांची सुसंगती मोजली जाते, कल मोजला जात नाही. त्यामुळे दोन प्रश्नांमध्ये दिवस घालवावे लागतात किंवा माणसं विभागावी लागतात.

मुळात हे परिणाम खरे तरी आहेत का, अशी शंका वाचणाऱ्यांच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. २०१४ साली ‘मेनी लॅब्स’ नावाच्या प्रकल्पात ३६ ठिकाणी ६,३४४ लोकांवर तेरा जुने परिणाम पुन्हा तपासले. अँकरिंग मूळ अभ्यासापेक्षाही ठळक आलं, साथीच्या रोगाचा प्रश्न टिकला पण पूर्वीपेक्षा कमी जोराने, आणि नोटांचं किंवा झेंड्याचं चित्र पाहून मतं बदलतात हे दोन दावे उभे राहिले नाहीत. चाचणीत कुठले दोष घेतले आहेत ते या नजरेने बघा.

भाषेचा मुद्दा मला जिव्हाळ्याचा आहे, कारण मराठीत या प्रश्नांची भाषांतरं करताना मी स्वतः चुका केल्या आहेत. मालकीची वस्तू जास्त मोलाची वाटते, याचा कॉफीच्या मगांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. कॉर्नेल विद्यापीठात निम्म्या विद्यार्थ्यांना मग दिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात विकणाऱ्यांचा मध्यक भाव सव्वापाच डॉलर होता, घेणाऱ्यांचा सव्वादोन ते पावणेतीन. हाच प्रयोग मी एका आठवडी बाजाराच्या गावी स्टीलच्या डब्यांवर केला आणि विचारलं, “कितीला द्याल?” अंतर प्रचंड आलं. मी खूश. मग एका मावशी म्हणाल्या, “आधी तुम्ही बोला की, मग मी कमी करते.” माझ्या ध्यानात आलं की मी मालकीची ओढ मोजत नव्हते, घासाघिशीची सवय मोजत होते. विकणाऱ्याने चढा भाव सांगायचा आणि घेणाऱ्याने पाडून मागायचा, हा बाजारातला शहाणपणा आहे, तो विचारदोष नव्हे.

यावर उपाय १९६४ पासून आहे. तुम्ही भाव लिहून ठेवायचा, मग एक किंमत चिठ्ठीने निघते. ती तुमच्या भावापेक्षा जास्त निघाली तर निघालेल्या किमतीला डबा विकला जातो, कमी निघाली तर डबा तुमच्याकडेच राहतो. यात भाव चढवून काहीच मिळत नाही, उलट चांगला सौदा हुकतो. पण हे नुसतं वाचून दाखवून समजत नाही. खोट्या पैशांवर चार-पाच फेऱ्या खेळवाव्या लागतात. चार्ल्स प्लॉट आणि कॅथरिन झायलर यांनी २००५ मध्ये नीट सराव देऊन, उत्तरं गुप्त ठेवून हाच मगांचा प्रयोग केला तेव्हा अंतर नाहीसं झालं. या निकालाचा अर्थ काय, यावर अजून वाद आहे. मी त्यातून एवढंच घेतलं: समोरच्याला प्रश्न कळलाच नसेल तर त्याचं न कळणं आपण दोष म्हणून नोंदवतो.

टक्केवारीचंही तसंच. शंभरात एका बाईला आजार, तपासणी ८० टक्के रुग्ण पकडते, निरोग्यांतही ९.६ टक्के वेळा धोका दाखवते. तर धोका दाखवलेल्या बाईला आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण सत्तर-ऐंशी टक्के म्हणतात. आता हेच असं सांगा: हजार बायका, दहा आजारी, त्यांतल्या आठ सापडतात, उरलेल्या ९९० पैकी ९५ जणींना उगाच धोका दाखवला जातो. म्हणजे १०३ मध्ये आठ, आठ टक्क्यांच्या आसपास. गर्ड गिगरेन्झर यांनी दाखवलं की अशी मोजदाद समोर ठेवली की बरोबर उत्तरं खूप वाढतात. तुमच्या चाचणीत हा प्रश्न टक्क्यांत असेल तर चूक माणसाची किती आणि मांडणीची किती, हे ठरवणं अवघड आहे.

बँकेतल्या जुन्या फाइली उपसून कल शोधू, हा मोहही टाळा. इस्राएलमधल्या पॅरोल मंडळांचा २०११ चा अभ्यास आठवतो का? जेवणाच्या सुट्टीनंतर सुमारे ६५ टक्के अर्ज मान्य, मग घसरत घसरत पुढच्या सुट्टीआधी जवळजवळ शून्य. जगभर बातमी झाली. त्याच वर्षी आक्षेप आला की प्रकरणं चिठ्ठ्या टाकून येत नव्हती. वकील नसलेले कैदी बरेचदा सत्राच्या शेवटी येत. तुमच्याकडेही अवघड प्रस्ताव संध्याकाळी, किंवा ठरावीक अधिकाऱ्याकडेच जात असतील.

माणसागणिक मोजण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे: आत्मविश्वास वास्तवाशी किती जुळतो. इथे पारडं बदलावं लागत नाही, कारण पुढे खरं उत्तर मिळतं. आधी सराव म्हणून दहा प्रश्न द्या आणि प्रत्येकाला अशी मर्यादा लिहायला सांगा की खरं उत्तर तिच्यात असल्याची ९० टक्के खात्री वाटेल. कळसूबाईची उंची? कोयना धरणाची साठवण? एका प्रशिक्षणात एका अधिकाऱ्यांनी कळसूबाईला ‘१,००० ते १,२०० मीटर’ लिहिलं. ती १,६४६ मीटर आहे. कोयनेला ‘४० ते ६० टीएमसी’, ती १०५. दहापैकी तीन बरोबर आल्यावर ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले, आणि मग म्हणाले, “मी मर्यादा रुंद का नाही ठेवली? कुणी अडवलं होतं?” माझ्या सगळ्या स्लाइड्सपेक्षा त्या प्रश्नाने जास्त शिकवलं.

मग खरं काम. प्रत्येक अधिकाऱ्याने प्रत्येक मंजूर कर्जासमोर लिहायचं: हे खातं बारा महिन्यांत थकीत होण्याची शक्यता किती टक्के? ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली हवामान अंदाजांसाठी दिलेला गुण इथे वापरा. शक्यता आणि निकाल यांच्या फरकाचा वर्ग. २० टक्के म्हणालात आणि खातं नीट चाललं, तर ०.२ चा वर्ग, ०.०४. पाच टक्के म्हणालात आणि थकलं, तर ०.९५ चा वर्ग, ०.९०२५. सरसकट ५०-५० म्हणणाऱ्याला कायम ०.२५. कमी गुण चांगला. सोबत हेही बघा की ज्यांना दहा टक्के म्हटलं होतं त्यांतले खरोखर दहातला एक थकला का. अमेरिकेतले पावसाचा अंदाज सांगणारे या कसोटीला सुंदर उतरतात, कारण त्यांना रोज सकाळी खिडकीतून निकाल कळतो. कर्ज अधिकाऱ्याला तो वर्षाने कळतो, तोवर त्याची बदलीही झालेली असते. मात्र वीस-पंचवीस खात्यांवर कुणाला चांगला-वाईट ठरवू नका. थकबाकी दुर्मीळ असते, नशिबाचा वाटा मोठा पडतो.

आता चाळीस जणांचं. वीस-वीसचे दोन गट करून एकच प्रश्न विचारलात तर हाती काही लागणार नाही, संख्या तोकडी आहे. त्याऐवजी आठ फाइली घ्या, प्रत्येकीच्या दोन आवृत्त्या करा, एकीत मागितलेली रक्कम लहान, दुसरीत मोठी. प्रत्येकाला आठही फाइली, चार लहान आकड्याच्या, चार मोठ्या. कुणाला कुठल्या, हे चिठ्ठीने, आणि क्रमही फिरता ठेवा. तीनशेवीस निर्णय मिळतील, प्रत्येक आवृत्तीवर वीस. वरच्या सूत्राने प्रत्येक फाइलचा टक्का काढा. आणि तोच तक्ता आडवा वाचा: एकाच आवृत्तीवर वीस अधिकाऱ्यांचे आकडे किती पसरले आहेत? हा कल नव्हे, ही विस्कळी आहे. तराजू एका बाजूला झुकलेला नसून प्रत्येक वेळी वेगळं वजन दाखवतो. एका विमा कंपनीच्या अधिकाऱ्यांना वाटत होतं की दोन अंडररायटरांच्या (जोखीम बघून विम्याचा हप्ता ठरवणाऱ्यांच्या) प्रीमियममध्ये दहाएक टक्के फरक असेल. कानेमन आणि सहकाऱ्यांना तो मध्यकाने ५५ टक्के सापडला. माझा अनुभव असा की बँकांमध्येही विस्कळी कलाइतकीच महाग पडते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

फाइलींवर नावांऐवजी क्रमांक घाला, आणि हे गुण कुणाच्याही सेवापुस्तकात जाणार नाहीत असं व्यवस्थापकांच्या सहीने आधी लेखी द्या. नाहीतर प्रत्येक जण परीक्षेला बसल्यासारखा वागेल.

बारा महिन्यांच्या अंदाजांचे कागद मात्र त्याच दिवशी पाकिटात घालून सीलबंद करा. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या पीकिंग (आताचं बीजिंग) आणि मॉस्को दौऱ्यांआधी लोकांकडून अंदाज लिहून घेतले होते. दौरे झाल्यावर तेच आकडे आठवून सांगायला सांगितले तेव्हा, जे घडलं त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती असं लोकांना प्रामाणिकपणे आठवत होतं. तुमच्याकडेही एखादं खातं थकलं की ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ असं चाळीस जण म्हणतील. पाकिटावर आजची तारीख, उघडायची तारीख आणि तुमची व त्या अधिकाऱ्याची सही घाला, आणि ते शाखेत न ठेवता मुख्य कार्यालयाच्या तिजोरीत ठेवा.